एक नंबरच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक

घराण्यांचे इतिहास रक्ताने लिहिलेले असतात, असं म्हणतात. या घराण्याच्या बाबतीत ते अक्षरशः खरं होतं. फक्त रक्त गिऱ्हाइकांचं होतं, आणि तीन पिढ्यांचं सगळं एकत्र केलं तरी चहाचा कप भरला नसता. थेंब दिसला की त्यावर तुरटी फिरायची, आणि इतिहास तिथेच थांबायचा.

त्या सोमवारी तो पुन्हा सुरू व्हायच्या बेतात होता. सोमवार सलूनच्या सुट्टीचा. शटर अर्धं वर, आत सगळे दिवे चालू, तीन खुर्च्या, तीन आरसे आणि आरशांमुळे दुप्पट झालेले नातेवाईक. थोरल्या सुनेला प्रत्येक माणूस दोनदा बघावा लागत होता. तिच्या मते यातले बरेचसे एकदा बघूनही भागण्यासारखे होते.

सभेपुढे विषय एकच होता. तिच्या सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, आपली दाढी कोण करू देणार?

आणि वेळ मोजकी होती. अण्णांनी दहाची गोळी दहाला घेतली होती. पावणेअकरापासून साडेबारापर्यंत ती चोख काम करायची. त्या पावणेदोन तासांत अण्णांचे हात अण्णांचे असायचे. त्याच्या आधी आणि नंतर ते पार्किन्सनचे. आता अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि सभा अजून 'चहा कोणी कोणी घेतला' इथेच होती.

याचं मूळ दोन महिन्यांपूर्वी थेरपिस्टबाई पहिल्यांदा आल्या तेव्हाचं. त्या नेमकं काय करतात हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टर गोळ्या देतात, व्यायामवाला पाय उचलायला लावतो, मग या? बाईंनी सांगितलं, माणसाला रोजची जी कामं करायची असतात ती आजारासकट कशी जमतील हे त्या बघतात. मग त्यांनी एक फॉर्म दिला. अण्णांना पुन्हा काय काय जमायला हवंय, ती ध्येयं त्यात लिहायची होती. थोरल्याने वडिलांचे कष्ट वाचवण्यासाठी तो त्याच संध्याकाळी स्वतः भरून टाकला. शर्टाची बटणं लावणे. न सांडता जेवणे. बाथरूमचा उंबरठा न अडखळता ओलांडणे.

पुढच्या खेपेला बाईंनी तो वाचला आणि अण्णांना विचारलं, "ही तुमची ध्येयं ना?"

"ही यांची कामं आहेत," अण्णा म्हणाले.

आजाराने अण्णांचा आवाज बारीक केला होता आणि चेहरा इस्त्री फिरवल्यासारखा सपाट. ते विनोद करतायत की शाप देतायत हे कळायला आता काही मार्ग उरला नव्हता. घरचे खबरदारी म्हणून दोन्ही धरून चालत.

"मग तुम्हाला काय करायचंय?"

"दाढी."

"स्वतःची?"

"माझी ही पोरं करतात. वाट्टेल तशी. मला दुसऱ्याची करायचीय."

घरच्यांनी मोठ्या आशेने बाईंकडे पाहिलं. शिकलेली बाई, नाही म्हणेल, विषय मिटेल. बाईंनी पेन काढलं, थोरल्याच्या तीन ओळींच्या वर जरा जागा होती तिथे लिहिलं, 'दुसऱ्याची दाढी करणे', आणि विचारलं, "वस्तऱ्याने की मशीनने?" अण्णांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की चेहरा सपाट असूनही उत्तर पोचलं.

मग बाईंनी एका दाढीचे चौदा भाग पाडले. गळ्याभोवती कापड बांधणं हा पहिला. प्रत्येक भागाची वेगळी तालीम. ब्रशच्या दांड्यावर फोमची जाड नळी चढली. कोपर टेकायला खुर्चीच्या हातावर उंच गादी आली. हात फिरवताना आकडे मोठ्याने म्हणायचे ठरले, कारण तसं केलं की हात आखडत नाही. वस्तऱ्यालाही फोम चढवायचा होता, पण "वस्तऱ्याला उशी?" एवढंच अण्णा म्हणाले आणि बाईंनी माघार घेतली.

आणि मग फुगे. नवशिक्याला शिकवतात तसंच. फुग्याला फेस लावायचा आणि वस्तऱ्याने अलगद उतरवायचा. पहिल्या आठवड्यात साठ फुटले. शेजारच्यांना वाटलं, या घरात रोज कुणाचा तरी वाढदिवस असतो आणि आपल्याला बोलवत नाहीत. चौथ्या आठवड्यात अकरा फुटले. गेले नऊ दिवस एकही नाही. फुगे फुगवायचं काम थोरलीकडे होतं. तिचे गाल दुखून आले होते, पण तिने ब्र काढला नाही. या घरात कुणाचं काही दुखतंय म्हटलं की त्याला फॉर्म देतात, हे तिने पाहिलं होतं.

आता खुर्चीचं. एक नंबरची खुर्ची अण्णांची. तीन वर्षं ती रिकामी होती आणि थोरल्याला तिथे केस धुवायचं बेसिन बसवायचं होतं. बेसिन येऊन जिन्याखाली खोक्यात पडलं होतं. फिटर मंगळवारी येणार होता. फुग्यांचा फारच बोभाटा झाला तेव्हा थोरल्याने जाहीर केलं होतं, की सोमवारपर्यंत अण्णांनी एका जिवंत माणसाची दाढी केली तर खुर्ची राहील, नाहीतर बेसिन. ही अट त्याला स्वतःलाच फार उदार वाटली होती. जिवंत माणूस मिळणार नाही, याची त्याला खात्री होती.

"जावईबापूंनी बसावं," धाकटा म्हणाला. "मान पहिला त्यांचा."

जावईबापूंनी हनुवटी पुढे केली. ती साबणाच्या वडीसारखी चकाकत होती. "बसलो असतो हो. पण सकाळी सवयीने हात फिरला."

"दोनदा फिरला," त्यांची बायको, म्हणजे घरातली ताई, म्हणाली. "एरवी रविवारची दाढी बुधवारी करतात. आज उजाडायच्या आधी बाथरूममध्ये."

"सासऱ्यांच्या पुढ्यात अवतारात यायचं का मी?"

"मग धाकट्याने बसावं," ताई म्हणाली. "याची तर महिन्याची वाढलीय."

"तीच तर अडचण आहे ना, ताई. ही ठेवायचीय मला. गाड्या विकतो मी. दाढी असली की गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो."

"तुझ्यावर?"

"दाढीवर."

थोरला मधल्या खुर्चीला टेकून उभा होता. त्याने समोरच्या आरशात बघून म्हटलं, "त्यांना सांगा, महिन्याभरापूर्वी ही दाढी नव्हती. अट घातली त्याच दिवशी उगवायला लागली."

दीड वर्षापूर्वी जिन्याच्या वाटणीवरून भांडण झालं तेव्हापासून दोघे भाऊ एकमेकांशी थेट बोलत नसत. सलूनमध्ये आले की आरशाशी बोलत. आरसा निरोप पोचवायचा.

"आणि त्यांना सांगा," धाकटा आपल्या आरशात म्हणाला, "की त्यांनी स्वतः बसावं. दोन दिवसांचे खुंट मला इथून दिसतायत."

"मी कसा बसणार? अट मी घातलीय. परीक्षकानेच पेपर लिहायचा का?"

थेरपिस्टबाई भिंतीशी बाकावर बसून सगळं ऐकत होत्या. "अकरा पंचवीस," त्या म्हणाल्या.

एक नंबरच्या खुर्चीमागे अण्णा वाटीत फेस करत होते. पहिल्यांदा केलेला बसला होता, म्हणून पुन्हा केला. बसल्या जागी त्यांचा अंगठा आणि पहिलं बोट सारखं कसलीतरी गोळी वळत असे. ब्रश हातात आला की ती गोळी कुठे जायची कोण जाणे. थोरलीने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला वाटलं, हात थांबला नाहीये, त्याला काम मिळालंय. तिने हे कुणाला सांगितलं नाही. घरात रिकामे हात आणखीही बरेच होते आणि त्यांनी ते मनाला लावून घेतलं असतं.

"बाहेरचा बघू की कोणी," जावईबापू म्हणाले. "अण्णांची जुनी गिऱ्हाइकं काय थोडी आहेत?"

पोस्टातून निवृत्त झालेल्या मास्तरांना फोन लावला. अण्णांनी चाळीस वर्षं त्यांची दाढी केली होती. मास्तर गहिवरले. म्हणाले, अण्णांच्या हाताची सर कुणाला नाही, जन्मभर दुसऱ्या हाताला गाल दिला नाही, आनंदाने येतो. पुढच्या महिन्यात.

"बघा," थोरला म्हणाला. "मी काय सांगत होतो? कोणी बसत नाही. यात अण्णांचा कमीपणा नाही. आणि खरं सांगू, खुर्ची असली काय, नसली काय, त्यांना आता कुठे एवढं कळतंय."

इथे थोरल्याची एक चूक झाली. आत्तापर्यंत ताई त्याच्या बाजूची होती. वस्तरा म्हणजे जिवाशी खेळ, असं ती दारातून आत येतानाच म्हणाली होती. आता ती तीन नंबरच्या खुर्चीत ताठ बसली.

"काय म्हणालास? कळत नाही? परवा मी फोनवर तासभर यांचं गाऱ्हाणं सांगत होते, तर अण्णा म्हणाले, 'ताई, नवरा बदलता येत नाही, कंपनी बदल.' म्हणजे मोबाइलची. आवाज तुटत होता."

"मी होतो तेव्हा तिथे," जावईबापू म्हणाले.

"होतातच. म्हणून सांगतेय. अण्णांना सगळं कळतं. मी आता त्यांच्या बाजूने आहे."

"मग बस तू खुर्चीत," थोरला म्हणाला.

"मला दाढी नाही."

"अकरा चाळीस," बाई म्हणाल्या.

अण्णांनी वाटी बघितली. फेस पुन्हा बसला होता. त्यांनी गरम पाण्याचे चार थेंब टाकले आणि तिसऱ्यांदा ब्रश फिरवायला घेतला. तक्रार नाही, उसासा नाही. गेले नऊ दिवस रोज याच वेळी ते असेच उभे राहिले होते, आणि समोर फुगा होता, आणि फुग्याने एकदाही कारण सांगितलं नव्हतं.

थोरलीने पदर खोचला आणि जाऊन एक नंबरच्या खुर्चीत बसली.

खुर्ची करकरली. तीन वर्षांत तिला वजन माहीत नव्हतं.

"अगं, काय करतेस?" थोरला आरशाऐवजी थेट तिच्याशीच बोलला.

"गिऱ्हाईक आलंय," थोरली म्हणाली.

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. "सूनबाई, तुला दाढी नाही."

"फुग्यालाही नव्हती."

अण्णांनी विचार केला. "फुगा बोलत नाही."

"मीही नाही बोलणार."

"हे नवीन आहे," थोरला म्हणाला.

"मॅडम, चालतं का हे?" जावईबापूंनी विचारलं.

बाईंनी फॉर्म काढून वाचला. "माझ्या अटी एवढ्याच आहेत, की माणूस आपल्या मर्जीने बसलेला असावा, आणि वस्तरा गालापुरताच, जबड्याच्या खाली नाही. दाढी असावी असं कुठे लिहिलेलं नाही."

अण्णांनी कापड झटकलं. मागची गाठ मारायला त्यांना तीन मिनिटं लागली आणि त्या तीन मिनिटांत चार जणांचे हात मदतीला पुढे आले. चारही हात बाईंनी नजरेने मागे पाठवले. मग ब्रश गालावर आला. गरम, जड, गोल गोल. दोन वर्षं रोज सकाळी थोरली अण्णांचं तोंड पुसत आली होती. कोमट पाण्याचा कपडा, कपाळ, डोळ्यांच्या कडा, हनुवटी. उलट्या दिशेने हे कधी झालं नव्हतं. तिला एकाएकी इतकं हसू आलं की खुर्ची हलायला लागली.

"गिऱ्हाइकाने हलायचं नाही," अण्णा म्हणाले.

"गुदगुल्या होतायत."

"सगळ्यांना होतात. पुरुष सांगत नाहीत."

आरशात तिला स्वतःचा चेहरा दिसला. पांढरीशुभ्र भरघोस दाढी, वर टिकली. घराण्याचा मूळ पुरुष असाच दिसत असावा. मागे ताई तोंडावर रुमाल दाबून हसत होती, जावईबापू मोबाइलवर फोटो घेत होते आणि धाकटा गंभीरपणे म्हणाला, "वहिनी, विश्वास बसतोय हं."

अण्णांनी वस्तरा उघडला.

"थांबा," थोरला म्हणाला.

तो मधल्या खुर्चीपासून एक नंबरपर्यंत आला. अंतर तीन पावलांचं, पण त्याने ते फार हळू कापलं. "ऊठ. मी बसतो."

"का हो? मी बसलेय की."

"ऊठ म्हटलं ना. माझ्या बायकोची दाढी माझ्या दुकानात... लोक ऐकतील तर काय म्हणतील?"

"आणि परीक्षकाचं काय?" ताईने विचारलं.

"परीक्षकाने राजीनामा दिला."

थोरली उठली. तोंडावरचा फेस तिने पुसला नाही. घाई होती. बारा वाजून दोन मिनिटं झाली होती.

थोरला बसला आणि डोळे मिटले. आयुष्यात तो वडिलांसमोर या खुर्चीत कधी बसला नव्हता. धंदा शिकताना मागे उभं राहायचं, पुढे बसायचं नाही, असा शिरस्ता होता. थोरलीला त्याची बोटं दिसत होती. त्याने खुर्चीचे दोन्ही हात असे धरले होते, जणू पुढे धोक्याचं वळण आहे.

कापड, गाठ, फेस. चौदातले भाग एकामागून एक गेले. अण्णांनी कोपर गादीवर टेकवलं, करंगळी मुलाच्या गालफडावर रोवली आणि वस्तरा कानाच्या पाळीशी लावला.

"एक," अण्णा म्हणाले.

आवाज बारीक होता, पण त्या आवाजाच्या मागोमाग कागद फाटल्यासारखा एक लांब, स्वच्छ आवाज आला. खुंटांतून पातं गेल्याचा. फेसात एक पट्टा उघडा पडला. त्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

"दोन."

"तीन," थोरली नकळत म्हणाली.

"चार," ताई.

सातपर्यंत सगळे मोजायला लागले होते. जावईबापू तर ताल धरून. अकराला धाकटा दादाच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला आणि आरशाकडे न बघता, थेट दादाच्या डोक्यावर, आकडे म्हणू लागला. तेराला अण्णांनी गिऱ्हाइकाचं नाक दोन बोटांत धरून वर केलं. न्हाव्याशिवाय कुणाला हा अधिकार नसतो. थोरल्याने डोळे उघडले.

"नाक धरायची काय गरज होती?"

"नव्हती," अण्णा म्हणाले. "चौदा."

डावा गाल झाला. धाकट्याने त्यावर बोट फिरवून पाहिलं, मग ताईने, मग जावईबापूंनी, आणि थोरला मुकाट्याने सगळ्यांना आपला गाल देत राहिला. "लोणी," जावईबापू म्हणाले. त्यांनी स्वतःच्या गालाला हात लावून पाहिला आणि जरा ओशाळले.

आता उजवी बाजू. अण्णांना खुर्चीला वळसा घालायचा होता आणि पावलं फरशीला चिकटली. बाईंनी फरशीवर पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाय उचलला जातो. अण्णांनी पट्टीकडे पाहिलं. एक ओलांडली. दुसरी. कुणी हात दिला नाही. उजव्या गालावर फेस चढला तेव्हा साडेबाराला दोन मिनिटं कमी होती.

अण्णांनी वस्तरा उचलला. तो कानापर्यंत गेला आणि तिथे थांबला.

अंगठा आणि पहिलं बोट सावकाश गोळी वळायला लागलं होतं.

सगळ्यांना ते दिसलं. थोरल्याला सर्वांत जवळून दिसलं, कारण पातं त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात होतं. तो हलला नाही. "अण्णा, करा," तो म्हणाला. "मी बसलोय."

थोरलीला तिच्या लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्याबद्दल असं काही वाटलं, की त्याचं काय करायचं ते तिला कळेना.

अण्णांनी हाताकडे पाहिलं. अनोळखी गिऱ्हाईक दारात उभं असावं तसं. मग त्यांनी वस्तरा मिटला आणि वाटीत ठेवला.

"आजचं झालं."

 बाईंनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं. मग त्या म्हणाल्या, "माझ्या यादीतला चौदावा भाग हाच होता. कधी थांबायचं ते. तो फुग्यावर शिकवता येत नाही."

थोरल्याने श्वास सोडला. त्याच्यातला दुकानदार जागा व्हायला फार वेळ लागला नाही. "ठीक आहे. उरलेलं मी करून टाकतो. दोन मिनिटांचं काम." त्याने वाटीकडे हात नेला.

"हात लावायचा नाही," अण्णा म्हणाले. "माझं गिऱ्हाईक आहे."

"अहो अण्णा, अर्धं राहिलंय."

"म्हणूनच. एकाने सुरू केलेलं गिऱ्हाईक दुसऱ्याने घ्यायचं नाही. दुकानाचा नियम आहे."

थोरल्याने हात मागे घेतला. नियम होताच. मागच्याच महिन्यात त्याने तीन नंबरच्या कारागिराला यावरून सर्वांसमोर झापलं होतं.

"आणि गिऱ्हाईक अर्धं असताना," अण्णा बाकाकडे जाता जाता म्हणाले, "खुर्ची हलवत नाहीत."

चेहरा सपाट. विनोद की शाप, ज्याचं त्याने ठरवावं.

"हे बरोबर नाही. अट एका दाढीची होती," थोरला म्हणाला. "ही अर्धी आहे."

"मग अर्धं बेसिन बसव," ताई म्हणाली.

"दादा, नियम आहे तो," धाकटा म्हणाला. आरशाला नाही. दादालाच. दीड वर्षानंतरचं हे पहिलं वाक्य, आणि तेही विरोधात. थोरला त्याच्याकडे बघतच राहिला.

"तू गप्प बस," तो म्हणाला. म्हणजे बोलणं सुरू झालं.

ताईला पुन्हा हसू फुटलं, मग जावईबापूंना. थोरली अजून फेसातच होती, आणि आरशात तिची पांढरी दाढी आणि नवऱ्याची अर्धी शेजारीशेजारी दिसली तेव्हा तिने दोन नंबरच्या खुर्चीत बसकण मारली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. थेरपिस्टबाईंनी मान खाली घालून फॉर्मची दोनदा घडी घातली. त्यांचे खांदे हलत होते. हसले नाहीत ते फक्त अण्णा. त्यांना ते आता जमत नव्हतं. पण बाकावर बसून ते पायाने फरशीवर ताल धरत होते, आणि तो थरथरीचा नव्हता, हे थोरलीने नीट बघून घेतलं.

चारच्या गोळीनंतर उरकून टाकू, असं थोरल्याने सुचवलं. अण्णा म्हणाले, चारला मी झोपतो.

मंगळवारी फिटर आला, मालकाचं तोंड बघून 'तुमचं काही चाललंय का, मी नंतर येतो' म्हणाला आणि गेला. थोरल्याने अर्ध्या दाढीने बावीस गिऱ्हाइकं केली. त्यातल्या एकाने तशीच मागितली. संध्याकाळी त्याने स्वतःच फोन करून बेसिन परत न्यायला सांगितलं.

उजवा गाल बुधवारी सव्वाअकराला झाला. त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही.